सूर्यभान फिटर आणि सासुरवाडीचा नळ

सूर्यभान फिटरने आजवर कितीतरी गावांना पाणी पाजलं होतं, पण सासुरवाडीत त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. १९७१ साली अकोले तालुक्यातल्या त्याच गावी आमची नळयोजना निघाली. सासूबाई छबूबाई वरच्या आळीत राहत. मला न विचारताच त्याने त्यांना शब्द देऊन टाकला होता, यंदाच्या दिवाळीला दारात नळ.

मी नुकताच इंजिनिअर झालेलो. कुठल्या आळीत किती जाड पाईप घातला की सगळ्यांना पाणी पोचेल आणि तरी खर्च कमीत कमी येईल, हे आम्ही कॉम्प्युटरकडून काढून घेणार होतो. आळ्यांची लांबी, उंची, माणसं, सगळे आकडे भोकं पाडलेल्या कार्डांवर मुंबईला गेले. पंधरा दिवसांनी हातभर लांब कागद आला. वरच्या आळीला दीड इंची पाईप.

सूर्यभानने कागद उलटासुलटा बघितला आणि तीन इंचीशिवाय पाणी वर चढणार नाही म्हणाला. मी सांगितलं, यंत्राने पाईपांच्या जाडीच्या शेकडो जुळण्या तपासल्यात, आणि यंत्राला सासू नसते. हे त्याला आवडलं नाही.

"सायेब, त्या आळीला बत्तीस पायऱ्या हायेत. दर दिवाळीला मोजत जातो मी. वर सासूबाई बसलेल्या असत्यात."

मी वही काढली. आळीच्या दोन्ही टोकांची उंची एकच लिहिलेली, आणि अक्षर माझंच. मापं घेतली त्या दिवशी छबूबाईंचा कुत्रा तिसऱ्या पायरीवर बसला होता. मी खालचाच आकडा वर लिहून मोकळा झालो होतो.

सूर्यभान हसला नाही. मापाची पट्टी माझ्या हातात देत म्हणाला, "चला. मला वळखतं ते."

ओळखलं असावं, कारण कुत्र्याने त्याचीच विजार धरली. तेवढ्यात मी वर पोचलो.

नवी कार्डं गेली, नवा कागद आला. वरच्या आळीला तीन इंची! सूर्यभानने कागदाची घडी करून खिशात ठेवली, आणि सासूबाईंपुढे यंत्राचं नाव काढू नका, अशी मला गळ घातली.

दिवाळीच्या आदल्या दिवशी नळाला धो धो पाणी आलं. ठरल्याप्रमाणे मी सगळं श्रेय जावयाला दिलं. छबूबाईंनी हंडा काठोकाठ भरू दिला, मग म्हणाल्या, "पानी ब्येस हाय, जावईबापू. पन नळ दाराच्या डाव्या अंगाला पायजे हुता."

सूर्यभानने पाना उचलला.