फक्कीचं घर

आमच्या गल्लीत पक्की खबर होती, की यज्ञेश्वरभाऊंनी लोहाऱ्याला दुसरं घर केलं. दुसरं घर म्हणजे काय ते तुम्हांला कळलं असेलच. आमच्या गल्लीलाही लगेच कळलं होतं. दर रविवारी हा माणूस इस्तरीचा सदरा घालून, डिक्कीत डबा ठेवून स्कूटर काढतो, उन्हं चढल्यावर परततो आणि विचारलं तर म्हणतो, "घरी गेलतो." आता घर तर इथं, माझ्या भिंतीला लागून, भाड्याचं! खबरीत एकच खोट होती. स्कूटरवर मागं कुंदावहिनी बसलेल्या असत. सवतीकडे डबा घेऊन जाणारी बायको यवतमाळात अजून जन्माला यायची आहे.

म्हणून मी एका रविवारी मागोमाग गेलो. शेजारधर्म तरी दुसरा काय असतो?

लोहाऱ्याच्या पुढं एका लेआउटात भाऊंचा प्लॉट. चहूकडे लोकांची घरं उठलेली, मधोमध हा गवताचा तुकडा. त्यात चुन्याच्या फक्कीनं रेघा मारलेल्या, पाया खोदायच्या आधी मिस्त्री मारतो तशा. दोघांच्या चपला एका रेघेबाहेर नीट जोडून ठेवलेल्या. वहिनी आतल्या चौकोनात सतरंजीवर बसून डबा उघडत होत्या. मी सरळ चालत गेलो, तर भाऊ ओरडले, "अरे संजय, भिंतीतून काहून येतं? दार तिकडं आहे!"

झालं होतं असं. भाऊ पाटबंधारे खात्यात कारकून. प्लॉट घेताना दलालानं नकाशा पसरला, तर आजूबाजूचे सगळे प्लॉट पिवळे आणि यांचा एकटा हिरवागार. जन्मभर ज्या नकाशांवर मान मोडली, त्यांत हिरवा म्हणजे ओलिताची जमीन, नशीबवान माणसाची. भाऊ हरखले. दलालही म्हणाला, "बगीच्यातलं घर समजा, साहेब." खोटं नाही बोलला बिचारा. परवानगी मागायला गेले तेव्हा कळलं, की या नकाशात पिवळ्यावर घर बांधता येतं आणि हिरवा म्हणजे बगीच्याचं आरक्षण. तेव्हापासून तिथं ना बगीचा झाला, ना घर.

पावसाळ्यात फक्की धुऊन जाते. दसऱ्याला भाऊ नवी मारतात, आणि दर खेपेला घर थोडं बदलतं. आधी जिना होता, वर मुलाची, श्रेयसची खोली. वहिनींचे गुडघे दुखायला लागले, जिना गेला. श्रेयसनं पुण्यात फ्लॅट घेतला, त्याची खोली पाहुण्यांची झाली, मग अडगळीची. मुलीचं, केतकीचं लग्न या अंगणात व्हायचं होतं. ते मंगल कार्यालयात झालं, तर अंगणही आखडलं. हललं नाही ते एकटं सैपाकघर. त्याला पूर्वेची खिडकी आहे, म्हणजे रेघेत तेवढी फट आहे. इथल्या भाड्याच्या सैपाकघराची खिडकी माझ्या भिंतीवर उघडते. वहिनी भर दुपारी दिवा लावून पोळ्या करतात. मला एकदा म्हणाल्या, "भावजी, तुमच्या भिंतीचे पोपडे मले पाठ झाले. सकाळचं ऊन पिठावर पडलेलं पाहायचं हाय एकदा."

यंदा शहराचा नवा विकास आराखडा आला, लोकांकडून हरकती मागवल्या. भाऊंनी हरकत घेतली. सुनावणीला मीही गेलो, मजा पाहायला. साहेब तरुण होते, बोलायला गोड.

"काका, जागेवर सध्या काय आहे?"

"घर," भाऊ म्हणाले.

साहेब दचकले. "विनापरवानगी बांधलं?"

"नाही हो. बांधलं नाही. राहतो."

मजा पाहायला आलेला मी खुर्चीत सरळ बसलो. साहेबांनी समोरचा नकाशा जवळ ओढला. मग हळूच म्हणाले, "काका, तिथं चारी बाजूंनी घरं झाली. पोरांना खेळायला तेवढीच जागा उरली. आरक्षण कायम ठेवावं लागेल." जिवाला लागलं ते हेच, की त्यांचंही बरोबर होतं. येताना भाऊ स्कूटर हळू चालवत होते. सिग्नल सुटला तरी उभे राहिले. मागच्यांनी हॉर्न वाजवले.

पुढच्या रविवारी वाटलं, आज हे दोघं जायचे नाहीत. पण स्कूटर निघाली. मी पोचलो तर फक्की ताजी, पांढरीशुभ्र. वहिनी फटीपाशी बसून पुऱ्या वाढत होत्या, कोवळं ऊन ताटात पडलं होतं. मला त्यांच्याकडे पाहवेना, आणि असं झालं की माझं तोंड सुटतं. त्यांच्यापाशी जाऊन म्हणालो, "भाऊ, आता एक घसरगुंडी आणा अन् दोन बाक. बगीचा व्हायचाच हाय, तर मुहूर्त आपणच करू!"

भाऊंनी माझ्या पायांकडे पाहिलं.

"होऊ दे न बगीचा," ते म्हणाले. "तोवर चपला बाहेर काढ, संजय. सैपाकघरात उभा आहेस तू."