दिव्यांसकट आलेलं झाड

त्या झाडाचा मला राग होता. राग हा शब्दही सौम्य वाटावा इतका.

तारकर्लीच्या बाजूला आमच्या माडांच्या बागेत चार खोल्या आहेत, पर्यटकांसाठी. स्वयंपाक मी करते, बाकीचं नवरा बघतो. बुकिंगचं इंटरनेटवरचं पान मुंबईत राहणारा माझा धाकटा दीर सांभाळतो, आणि त्यामुळे इथे काय असावं, काय नसावं याबद्दल त्याला बरीच मतं आहेत. तीन डिसेंबरांपूर्वी तो गाडीच्या टपावर एक लांबलचक खोकं बांधून आला. आत ख्रिसमस ट्री. प्लॅस्टिकचं, सात फुटी, आणि दिवे फांद्यांतच गुंफलेले.

"वयनी, माळा गुंडाळूची कटकट नाय," तो म्हणाला. "तीन तुकडे जोडायचे, पिन लावायची, झाला."

पहिल्या वर्षी खरंच झालं. व्हरांड्यात ते झगमगलं, पाहुण्यांची मुलं त्याच्याभोवती नाचली. दिराने फोटो काढून पानावर टाकला आणि दोन दिवस तोंड भरून स्वतःचंच कौतुक केलं. आमच्या शेजारची ख्रिस्ती बाई केक द्यायला आली होती. ती झाडाकडे बघून म्हणाली, "आमच्याकडे झाड नाय गो, आम्ही गोठो करतंव." दर नाताळात तिच्या अंगणात होणारा येशूजन्माचा मातीचा, गवताने शाकारलेला गोठा मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघते आहे. मला जरा शरमल्यासारखं झालं.

जानेवारीत झाड उतरवताना त्याची खरी ओळख पटली. जे खोक्यातून निघालं होतं, ते त्या खोक्यात परत जाईना. फांद्या दाबल्या की दुसरीकडून उसळायच्या. मी गुडघा टेकवून दाबलं तर खोकंच फाटलं. शेवटी जुन्या साडीत गुंडाळून, सुंभाने आवळून माळ्यावर टाकलं. खाली हिरवी प्लॅस्टिकची कुसळं राहिली. ती केरसुणीत अडकायची, पायपुसण्यात घुसायची. एकदा तर तांदूळ निवडताना सापडली.

दुसऱ्या डिसेंबरात जोडलं तर वरचा भाग पेटला, खालचा पेटला, मधला काळा. आमच्या वाडीतल्या वायरमनला बोलावलं. त्याने चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ फांद्या चाचपल्या.

"वयनी, ह्येच्यात एक बल्ब गेलो की अख्खी माळ जाता. आणि गेलेलो खंयचो, तां ह्या झाड सांगना नाय."

"मगे काय करूचा?"

"एकेक काढून बघूचो."

तो चहा पिऊन निघून गेला. झाडासोबत आलेल्या कागदावर एक नंबर होता. तिथली मुलगी गोड आवाजात हिंदीतून म्हणाली की झाड कोरड्या जागी ठेवायचं असतं, दमट हवेत तारा खराब होतात, त्याला कंपनी जबाबदार नाही. मी फोन कानाला लावून समोर बघत होते. सुरूच्या झाडांपलीकडे समुद्र दिसत होता. आमच्या घरात खिडकीच्या बिजागऱ्या दर दोन वर्षांनी बदलाव्या लागतात, खारं वारं मीठसुद्धा ओलं करतं, आणि दिराने या हवेत केसाएवढ्या तारांचं झाड आणून उभं केलं होतं.

त्या वर्षी मी काळा पट्टा भिंतीकडे वळवायचा प्रयत्न केला. पण झाड गोल. ते कुठे वळणार?

गेल्या डिसेंबरात आमच्या चारही खोल्या भरल्या होत्या. अकरा माणसं. सकाळी घावणे, दुपारी मासे, संध्याकाळी वडे. त्यातून उरलेल्या वेळात मी झाडाखाली उकिडवी बसून एकेक बल्ब उपटत आणि परत खुपसत होते. बल्ब तांदळाएवढे. दोन्ही अंगठ्यांची नखं सुजली. मधला भाग एकदा पेटला. मी उठून उभी राहिले, माझ्या पदराचा वारा लागला असेल, परत गेला.

पुण्याहून आलेल्या एक बाई वेताच्या खुर्चीत बसून हे सगळं पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, ते मधलं लागत नाहीये का?"

"नाही लागत."

"फोटोत तर छान दिसत होतं."

घरी गेल्यावर त्यांनी पानावर लिहिलं की जेवण उत्तम, माणसं चांगली, पण सजावटीची देखभाल नाही. सोबत अर्धवट काळ्या झाडाचा फोटो. त्याच दुपारी दिराचा फोन आला. मी मासे साफ करत होते, म्हणून नवऱ्याने स्पीकर लावून फोन ओट्यावर ठेवला.

"वयनी, एक झाड सांभाळूक जमना नाय तुमका?"

नवऱ्याने फोन बंद केला. माशाचे खवले हाताला चिकटले होते, ते मी धुतले, पक्कड घेतली आणि व्हरांड्यात गेले.

तारा कापायला मला दोन दुपारी लागल्या. कारखान्यात कुणीतरी प्रत्येक फांदीला तार तीन-तीन वेढे देऊन प्लॅस्टिकच्या चिमट्यांनी जखडली होती. एकेक चिमटा मी तोडला. हातांवर ओरखडे उठले, लिंबू पिळताना झोंबले. पण इतकं समाधान मला त्या झाडाने आधी कधी दिलं नव्हतं. मग दिवाळीची आमची साधी माळ त्यावर गुंडाळली.

नाताळच्या आदल्या दिवशी दीर आणि जाऊ आले. महामार्ग सोडून कसालला वळल्यावर त्याने फोन करून कोळंबीचं सुकं करायला सांगितलं होतं, म्हणजे मूड चांगला होता. व्हरांड्यात पाऊल टाकताच त्याने झाड बघितलं, मग कोपऱ्यातला तारांचा गुंता.

"ह्या कोणी केल्यान?"

"मी."

"माका विचारूक नको होता?"

"तुमी झाड हाडलात तेव्हा माका विचारलात?"

तो नवऱ्याकडे वळला. नवऱ्याला नेमकी तेव्हाच विहिरीवरची मोटार बघायची आठवण झाली. तो गेला. तेव्हाचा माझा राग झाडावरचा नव्हता, हे मी कबूल करते.

दीर म्हणाला, "पान मी चालवतंय म्हणान हय माणसां येतत."

"आणि आल्यावर तेंका खावक कोण घालता?" मी म्हणाले. "तुमी फोटो काढून जातात. झाडाखाली वाकान मी बसतंय. तुमका इतक्या आवडता तर घेवन जावा."

जाऊ दारात बॅग धरून उभी होती. ती खाली बघत राहिली. कोळंबी मी केली होती, वाढली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने खरंच झाड सोडवलं आणि टपावर चढवलं. मी मदतीला गेले नाही. ओट्याजवळूनच त्याची धडपड ऐकत होते.

पुढचे काही आठवडे पानावरच्या चौकशांना उत्तरंच गेली नाहीत. दीर म्हणाला, कामात होतो. मग मी त्याच्याकडून पासवर्ड मागून घेतला आणि स्वतः लिहायला बसले. पहिली उत्तरं लिहिताना दहा वेळा खोडलं. आता सवय झाली आहे.

चतुर्थीला सगळे आले. दिराने गणपतीला नमस्कार केला, पाच दिवस राहिला, जेवला, आणि माझ्याशी एक शब्द बोलला नाही. भाजी हवी असली तरी नवऱ्याला सांगायचा. करंज्या भरताना मी जावेला विचारलं, झाडाचं काय केलंत.

"पलंगाखाली आसा," ती म्हणाली. "डिसेंबरात परत लावूचा म्हणतत. नवी माळ आणल्यानी. गुंडाळूचा काम माझा."

मला हसू आलं. मग तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि ते थांबलं. ते झाड माझ्या घरातून गेलं याचा मला आनंद झाला होता. कुणाच्या गळ्यात गेलं, हे मी पाहिलंच नव्हतं.

"लावू नको," मी म्हणाले.

ती म्हणाली, "तुमका सोपा आसा, वयनी. तुमचे ते दीर. माझो घोव." आणि पुढची पारी लाटायला घेतली.