कुणाचा हात न धरता

तंजावरात मी पर्सनल ट्रेनर म्हणून घरोघरी जाते असं सांगितलं की लोक आधी माझ्या दंडाकडे बघतात, मग स्कूटरकडे, आणि मग हळूच विचारतात, नवऱ्याला चालतं का. चालतं. त्याला रोज सकाळी मीच पळवते, तेव्हा न चालून तो सांगणार कुणाला?

हे काम मी पुण्यातल्या एका जिममध्ये शिकले. देवनागरी वाचायलाही तिथेच शिकले. आमच्या तंजावरच्या मराठी घरांतली भाषा स्वयंपाकघरातून सहसा बाहेर पडत नाही आणि कागदावर तर चढतच नाही. परत आले तेव्हा वाटलं होतं, इथे कोण पैसे देऊन घाम गाळणार. पण माणसं मिळाली. तिरुवैयारूच्या एका तांदूळ गिरणीवाल्यांना साठीशांतीच्या आधी पोट उतरवायचं होतं आणि त्या पोटात रोज सकाळी तुपाने थबथबलेला पोंगलही घालायचा होता. एका मुलीला लग्नाच्या ब्लाउजात बसायचं होतं. अशा सगळ्यांना मी पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारते: तुम्हाला नक्की काय करता यायला हवं? त्यावरून आराखडा ठरतो. वजन, इंच वगैरे नंतर.

काकूंनी या प्रश्नाला उत्तर दिलं, "जमिनीवरून उठतां यायला हवं. कुणाचा हात न धरतां."

काकू माझ्या नात्यातल्या नव्हेत. तहसील कचेरीतून सुपरिंटेंडेंट म्हणून निवृत्त झालेल्या, आमच्यातल्याच एक विधवा बाई. कॉलनीत शेवटचं घर, दोन खोल्या, हिरवट मोझेकची फरशी, मागे कपडे धुवायचा दगड. सगळी गल्ली त्यांना मामी म्हणायची आणि जरा घाबरून असायची. त्या दगडापाशीच त्या एका सकाळी घसरल्या. हाड काही मोडलं नाही. पण उठता येईना. फुलवाली यायच्या वेळेपर्यंत त्या तशाच ओल्या जमिनीवर पडून राहिल्या, आणि तिलाही आत येताना त्यांनी आधी चपला बाहेर काढायला लावल्या म्हणे.

मुलगा कॅनडात. एकुलता एक. त्याला हे कळलं तेव्हापासून त्याची झोप उडाली, हे मी त्याच्याच तोंडून ऐकलं आहे. आईने एकटं राहायचं नाही, इकडे यायचं, असं त्याने सांगितलं. आईने नाही म्हटलं. रोज व्हिडिओ कॉलवर तोच तंटा: त्या मराठीत भांडायच्या, तो तामिळमध्ये. मराठी त्याला सगळं समजायचं, बोलायला जीभ वळायची नाही. शेवटी कंटाळून तो म्हणाला की बरं, तू कुणाच्या मदतीशिवाय जमिनीवरून उठून दाखव, मग मी हा विषय काढणार नाही. आणि त्यानेच इंटरनेटवर शोधून मला फोन केला.

म्हणजे माझ्याकडे काम आलं ते असं. काकूंचं घर राहणार की जाणार, ते त्यांच्या मांड्यांवर ठरणार होतं.

पहिल्या दिवशी त्यांना खुर्चीवरून उठवलं तर दोन्ही हात रेटून, तोंडाने देवाचं नाव घेत उठल्या. मी आराखडा केला. आधी उंच खुर्ची, मग बुटकी, मग देवघरातला पाट. स्वयंपाकाचा ओटा धरून टाचा उचलायच्या. एका पायावर उभं राहायचं, कॉफी गाळून होईपर्यंत. दोन्ही हातांत चिंचेचे डबे घेऊन अंगणातून दारापर्यंत चालायचं. मी रबरी पट्टे नेले होते, त्यांकडे त्यांनी असं बघितलं की मी ते पिशवीतून पुन्हा काढले नाहीत. पॅन्ट घाला म्हटल्यावर म्हणाल्या की कचेरीत चार कलेक्टर पाहिले ते साडीतच. निऱ्या वर खोचून सगळं करायच्या.

जमिनीवरून उठण्याचे टप्पे असतात. कुशीवर वळायचं, रांगल्यासारखं चार पायांवर यायचं, एक पाऊल पुढे रोवायचं, हात गुडघ्यावर, छाती पुढे, श्वास सोडत वर. काकूंचं सगळं अडायचं ते पाऊल पुढे रोवण्यापाशी. पाय यायचाच नाही. मग त्या चिडायच्या, पायाला नावं ठेवायच्या, आणि चारी पायांवर तशाच थांबून मला विचारायच्या, तुझी सासू काय म्हणते.

कारण तासातला अर्धा वेळ बोलण्याचा होता. त्यांचे यजमान गेल्यावर घरात मराठी बोलायला कुणी उरलंच नव्हतं. देवाशी बोलत असतील तेवढंच. आमच्या बोलण्यात तामिळमधून आलेला एक शब्द आहे, चुम्मा. म्हणजे उगाच, काही कारण नसताना. चुम्मा आले, चुम्मा बसले, चुम्मा विचारलं. काकूंच्या तोंडी तो सतत असायचा. मी जरा उशिरा निघाले की त्या म्हणायच्या, बैस ग चुम्मा. मग कॉफी यायची. साखर कमी करा म्हणून मी त्यांना बजावायचे आणि स्वतः दोन टंबलर प्यायचे.

पाय एक दिवस आला. का आला ते मला आजही सांगता येणार नाही. रोजच्यासारख्या त्या चारी पायांवर होत्या, आणि पाऊल सरकलं, रोवलं गेलं, आणि त्या उभ्या. मग त्या म्हणाल्या, "पुन्हा करतें. हें चुकून झालं असेल." पुन्हाही झालं.

मी व्हिडिओ घेतला आणि मुलाला पाठवला. दर आठवड्याला प्रगती पाठवायची ही माझी कामाची रीतच आहे. पैसे भरणाऱ्याला काहीतरी दिसायला हवं. तो इतका खूश झाला की फोनवर रडला. त्या दिवशी मी घरी जाताना स्कूटरवर गाणं म्हणत होते. मूर्खच मी.

पंधरवडाही गेला नसेल. त्याचा कॉल आला तेव्हा मी तिथेच होते. तो म्हणाला की डॉक्टरांना व्हिडिओ दाखवला, ते म्हणतात आता इतका लांबचा विमानप्रवास तू आरामात करशील. आधी त्याचीच तर काळजी होती. व्हिसाचं मी बघतो. घराला भाडेकरूही मिळतोय, चांगला, बँकेतला. काकूंनी त्याला शब्दाची आठवण करून दिली. तो म्हणाला, अम्मा, ते तेव्हापुरतं होतं, तू व्यायाम करावास म्हणून.

कॉल संपला. त्या ओट्यापाशी गेल्या आणि टाचा उचलू लागल्या. मी त्यांना बळकट केलं म्हणून त्या चालल्या होत्या, आणि केलं नसतं तरी गेल्याच असत्या. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोहोंच्या मधे मी दोन चिंचेचे डबे घेऊन उभी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बेत सांगितला. पुढच्या कॉलवर त्या उठणार नव्हत्या. तब्येत घसरली असं दाखवायचं. मग विमानात कोण बसवील? मी म्हटलं की काकू, मग तो म्हणेल एकटी राहू नकोस, काही महिने इथल्याच एखाद्या वृद्धाश्रमात ठेवतो. त्या म्हणाल्या की कुंभकोणमच्या बाजूला असलं तर चालेल, बस आहे. कधी चुम्मा घरी येऊन बसता येईल. मदत करायचं मात्र मी कबूल केलं नाही. फक्त फोन धरायचं कबूल केलं, आणि तेही त्यांनी मला करू दिलं नाही. फोन त्यांनी जमिनीवर तांब्याला टेकवून ठेवला, म्हणजे नीट दिसेल.

काकूंनी आयुष्यात कचेरीत कुणाला खोटं बोलू दिलं नाही आणि स्वतःला तर ते मुळीच येत नव्हतं. जमिनीवर बसल्या, आणि असं कण्हायला लागल्या की शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकलं. पाय थरथरवला, पण चुकीचा. अडायचा तो डावा, हा उजवा. मुलगा पडद्यावर बघत होता. मी दाराआड उभी, हसू की रडू कळत नव्हतं. मग त्यांनी हात हवेत फेकला, "होत नाहीं रे" म्हणाल्या, आणि तो हात बाजूच्या कॉफीने भरलेल्या टंबलरला लागला. कॉफी फरशीवरून थेट फोनकडे निघाली.

आणि काकू उठल्या. कुशीवर वळणं नाही, चार पायांवर येणं नाही. एक पाऊल रोवलं, वर आल्या, वाकून फोन उचलला, दुसऱ्या हाताने तांब्या. विशीतल्या मुलीला जमलं नसतं असं. मुलाला बहुतेक छत दिसलं असेल, मग त्यांचं तोंड.

तो हसायला लागला. त्याही हसल्या, काय करणार. बराच वेळ दोघं हसत होती. मग तो थांबला आणि तामिळमध्ये म्हणाला, "अम्मा, तू उठलीस काय आणि नाही उठलीस काय, मी तिथे नाही. एवढंच आहे ग."

त्याचा मला राग यायला हवा होता. येत नव्हता. ते वाक्य खोटं नव्हतं, आणि त्यावर माझ्याकडे, माझ्या शिक्षणात, कुठेही काही व्यायाम नव्हता. काकूंनी फोन पदराला पुसला आणि म्हणाल्या, बरं, येतें.

उरलेले आठवडे मी नवा आराखडा केला. विमानात पाय कसे हलवायचे, बर्फावर पाऊल कसं टाकायचं; हे दुसरं मी स्वतःच कधी पाहिलेलं नाही. त्या सगळं निमूट करायच्या. एकदा विचारलं की तिकडे जमिनीवर बसतात का. मी म्हटलं, गालिचा असेल. त्यावर त्या म्हणाल्या की मग एवढं शिकलेलं उगाचच.

निघायच्या दिवशी मुलगा न्यायला आला होता. सामान गाडीत, तो बाहेर ड्रायव्हरशी बोलत. घर रिकामं, पाट फुलवालीला दिलेला. मी आत गेले तर काकू मोझेकच्या फरशीवर मधोमध बसल्या होत्या, नवी साडी, पायांत मोजे. मी घाबरले. पडलात का, म्हणून हात पुढे केला.

"पडलें नाहीं. चुम्मा बसलें," त्या म्हणाल्या. "उठतां येतं मला. उठावंसं वाटत नाहीं."

मी हात तसाच पुढे करून उभी राहिले. कितीतरी माणसांना मी जमिनीवरून उठवलं आहे, ओरडून, गोंजारून, थट्टा करून. त्यातलं काहीच मी केलं नाही. शेवटी मीही खाली बसले. फरशी गार होती. त्यांनी मला विचारलं, तुझी सासू काय म्हणते. मी सांगितलं. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, मग पुन्हा वाजला, मग मुलाने दारातून अम्मा म्हणून हाक मारली आणि आम्हा दोघींना तसं बघून तो तिथेच थांबला.

काकूंनी पाऊल रोवलं. हात गुडघ्यावर, छाती पुढे. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, श्वास सोडा.

त्यांनी सोडला, आणि उठल्या. माझा हात पुन्हा पुढे झाला होता. त्यांनी तो धरला नाही.