झेंडूखालची गाठ

दसऱ्याला दारावर झेंडूचं तोरण चढलं की माझा हात आपोआप त्याची दोरी चाचपून बघतो. घरची माणसं हसतात. मी कारण सांगत नाही. इतकी वर्षं झाली, तरी ती सकाळ डोळ्यांपुढून हलत नाही.

ग्वाल्हेर संस्थानच्या पोलिसात मी तेव्हा नवा फौजदार होतो. शहराच्या लष्कर नावाच्या भागातल्या कोतवालीत नेमणूक होती. माझं शिक्षण इंग्रजी शाळेतलं आणि स्वभाव बुजरा. कोतवालसाहेब दक्षिणेतून आलेल्या जुन्या लष्करी घराण्यातले. "काय हो, इंग्रजी शाळेत गप्प बसण्याची परीक्षा असते का?" असं ते चारचौघांत विचारत. मी गप्पच बसे. गप्प बसणाऱ्याला समोरचा माणूस जरा नीट दिसतो, एवढाच त्यातला फायदा.

महाराजांच्या दसऱ्याच्या सवारीआधी तिच्या रस्त्यावरच्या इमारतींची डागडुजी आणि सफेदी व्हायलाच हवी, असा दरबारचा हुकूम असे. त्या वर्षी पाऊस लांबल्यामुळे कामं मागे पडली होती. दाल बाजाराच्या तोंडाशी एका कापड गिरणीची दुमजली पेढी होती. तिच्या दर्शनी भिंतीला बांबूची परांची बांधून गिलावा आणि चुना चालू होता. सवारीच्या तालमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या परांचीची एक बाजू कोसळली. वर चढलेला तरुण सफेदीवाला फरशीवर पडला आणि जागीच गेला.

पंचनाम्याला मी गेलो. त्याच्या अंगावर चुना सांडला होता आणि चुन्यावर झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या होत्या. तालमीच्या वेळी परांची दिसायला वाईट दिसते, म्हणून तिच्यावर तोरणं सोडली होती. मी दोऱ्या उचलून पाहिल्या. वरच्या आडव्या बांबूची काथ्याची दोरी तुटलेली नव्हती. ती धारदार हत्याराने कापलेली होती.

खबर मिळायला वेळ लागला नाही. समोरचा पानवाला स्वतःच कोतवालीत आला. "साहेब, परवाच मिस्त्री त्याला सगळ्यांसमोर म्हणाला, एक दिन तुझे इसी पाड से नीचे फेंक दूँगा." इथे परांचीला पाड म्हणतात. परांची बांधणारा मिस्त्री हा मयताच्या बायकोचा सख्खा भाऊ होता. त्याचे आजोबा फौजेबरोबर दक्षिणेतून आले होते. नातवाच्या हाती तलवारीऐवजी गवंड्याची करणी आली.

मिस्त्रीला आणलं. कोतवालसाहेबांनी विचारपूस सुरू केली.

"असं बोललास?"

"बोललो साहेब. माझ्या बहिणीवर हात उचलला त्यानं. गुस्स्यात बोललो."

"सकाळी परांची तपासायला का गेला नाहीस? रोज तूच आधी चढतोस ना?"

"त्याचं तोंड बघायचं नव्हतं. उशिरा निघालो." मग तो दोन्ही हातांनी डोकं धरून खाली बसला. "पाड मी बांधला, माणूस माझा पडला. आता लिहा काय लिहायचं ते."

"झाली की कबुली," कोतवालसाहेब मला म्हणाले. "घ्या लिहून."

"साहेब, दोरी कापली असं तो म्हणाला नाही."

त्यांच्यासमोर असं बोलण्याची माझी ती पहिलीच वेळ. साहेबांनी भुवया वर केल्या. "बोलता येतं तर तुम्हाला! बरं, मग कापली कोणी ते तुम्हीच सांगा. नाही सांगितलंत तर हा खुनाच्या आरोपाखाली जाईल, आणि पुढे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे."

बाहेर पायरीवर मयताची बायको बसली होती. कपाळ पुसलेलं, डोळे कोरडे. मी जवळून जाताना ती उठली.

"साहेब, मला एकच सांगा. दादानं मारलं का? तुम्ही हां म्हणाल तर मी त्याच्या दाराशी परत जाणार नाही. नाही म्हणाल तर... मला रडायला तेवढी एकच जागा उरली आहे."

मी "तपास चालू आहे" असं काहीतरी पुटपुटलो. मग सरळ मागच्या आवारात गेलो. जप्त केलेले बांबू तिथे ठेवले होते. तो आडवा बांबू मी उन्हात फिरवून पाहिला. त्याच्या फुटलेल्या टोकात जरीचा एक पिंजलेला धागा अडकला होता. सफेदीवाल्याकडे जरीचा धागा कुठून येणार? शेजारी तोरणाची बारीक सुतळी तुटून पडली होती. ती नुसती लटकवलेली नव्हती. तिला बांबूभोवती आवळल्याचा पीळ पडला होता.

तालमीच्या दिवशी माझा बंदोबस्त शहराच्या पडाव नावाच्या भागात होता. पेढीसमोर काय घडलं ते मी पाहिलं नव्हतं. पण अंबारीची जरीची झालर माझ्याही समोरून गेली होती. मी हत्तीखान्यात गेलो.

म्हातारा माहूत हत्तीला ऊस भरवत होता. मी विचारताच त्याने सरळ सांगून टाकलं.

"हाँ हुजूर, हमीं ने कटवाई. बाँस झालर में अटक गया था. सवारी थोड़े ही रुकती है! मेरे आदमी ने रस्सी काटी, बाँस अंदर किया, फिर बाँध भी दिया. ऐसे ही नहीं छोड़ा."

"कशानं बांधलं?"

"तोरन की सुतली से. ऊपर फूल सरका दिए, सब ढक गया. बहुत सुंदर लग रहा था."

"कोणाला सांगितलंत?"

"किसको बताते? वहाँ कोई था ही नहीं." माझा चेहरा बघून तो थांबला. ऊस त्याच्या हातातच राहिला. "क्यों हुजूर... कोई गिरा क्या?"

मी मान हलवली. तिथे कोणी नव्हतं, कारण सवारीपेक्षा उंच जागी कोणी उभं राहायचं नाही हा रिवाज. तालमीआधी कारागिरांना आमच्याच शिपायांनी तिथून हाकललं होतं. चुना आणि झेंडूखाली पडलेला तो तरुण मला पुन्हा दिसला. त्याला मारायचं कोणाच्याच मनात नव्हतं. मिस्त्री फासावर जाईल या भीतीपेक्षा मला त्याचा जास्त धक्का बसला.

मिस्त्रीला सोडलं. मी त्याच्या बहिणीला म्हणालो, "तुझ्या भावानं नाही."

"मग कोणी?"

मी सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "म्हणजे कोणीच मारलं नाही? तो मेला कसा मग?"

त्यानंतर कोतवालीत बैठक झाली. गिरणीचा गोरा मॅनेजर म्हणाला, रस्ता दरबारचा आहे. दरबारचे अंमलदार म्हणाले, बांबू गिरणीचे आहेत. कोतवालसाहेब मिशीवर बोट फिरवत ऐकत होते. मग म्हणाले, "आणि माणूस कोणाचा?"

हे वाक्य मॅनेजरला इंग्रजीत सांगायचं काम माझं होतं. सांगताना मी त्याच्याकडे पाहिलं नाही. खोलीत कोणीच कोणाकडे पाहत नव्हतं.

त्या दिवशी सरकार आणि गिरणी यांनी मिळून एक रीत ठरवली. परांची बांधणारा हजर असल्याशिवाय तिच्या दोरीला कोणी हात लावायचा नाही. फुलं भिंतीवर सोडायची, बांबूवर नाही. तालमीआधी आणि नंतर गिरणीचा माणूस, सरकारी इमारत खात्याचा ओव्हरसियर आणि आमचा जमादार यांनी एकत्र उभं राहून ती परांची तपासायची. हळूहळू बाजारातल्या इतर पेढ्यांनीही हीच रीत उचलली.

आम्ही पोलीस गुन्हा म्हटला की आधी वैर शोधतो. भांडण सापडलं की तपास संपला असं वाटतं. त्या प्रकरणाने मला शिकवलं की माणूस वैराविनाही मारला जातो. प्रत्येक जण आपापलं काम चोख करतो आणि शेजारच्याला सांगत नाही, एवढं पुरतं.

पुढच्या वर्षी तालमीला मी मुद्दाम दाल बाजारात बंदोबस्त मागून घेतला. तोच हत्ती, तोच माहूत. एका इमारतीच्या परांचीचा बांबू पुढे आलेला दिसताच माहुताने हत्ती थांबवला. मागे वाजंत्री थांबली, घोडे थांबले. गर्दीतून कोणी ओरडलं, "अरे चाचा, हाथी सो गया क्या?" माहूत मान खाली घालून बसून राहिला.

ती परांचीही त्याच मिस्त्रीने बांधलेली होती; तो सावकाश आला. वर चढून त्याने दोरी सोडली, बांबू आत घेतला, पुन्हा बांधला आणि त्याच्यावर स्वतःचा सगळा भार देऊन पाहिला. मग उतरून माझ्याजवळून जाताना क्षणभर थबकला.

"बहिणीला सांगतो, साहेब," तो म्हणाला. "आज हत्ती थांबला."