कोयनेल आणि लघु-गुरू

चांद्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला नाव घातलं तेव्हा मी आधीच दमलेलो होतो. मामाकडे राहायचो. मामा लाकडाच्या डेपोवर मुन्शी. सकाळभर त्याच्या हाताखाली सागाच्या ओंडक्यांवर हातोड्यानं खुणा ठोकायच्या, आणि तसंच घामेजल्या अंगानं कॉलेज गाठायचं. मराठीचा तास दुपारचा. मी मागच्या बाकावर पेंगत असे.

मराठीचे सर पुण्याकडून आले होते. एकटेच राहायचे, खाणावळीत जेवायचे. पावसाळा सरता सरता त्यांना हिवतापानं धरलं. आमच्याकडे हा ताप घरोघरी, पण त्यांच्या अंगाला त्याची सवय नव्हती. ताप उतरला तरी कोयनेल, ते हिवतापावरचं कडू औषध, चालूच राहिलं, आणि कोयनेलनं त्यांच्या कानांत दडे बसले. आत सारखी शिट्टी वाजते, तिच्यापलीकडचं काही ऐकू येत नाही, असं ते सांगायचे. नेमकी तेव्हाच वृत्तं शिकवायची होती.

त्यांनी उपाय काढला. एकानं उभं राहून कविता म्हणायची आणि टेबलावर हातानं मात्रा दाखवायच्या: गुरूला तळवा, लघूला बोट. सर हाताकडे बघून चूक ओळखणार. पहिल्याच दिवशी त्यांनी पेंगणाऱ्या मला उठवलं.

"मले जमनार नाई, सर," मी म्हणालो. ते त्यांना ऐकूच गेलं नाही. त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं.

मी सिंदेवाहीकडचा. आमच्या तोंडी 'ळ' नाही. 'काळ'चा 'कार' होतो, 'डोळा'चा 'डोरा'. ते भारदस्त संस्कृत वळणाचे श्लोक मी आमच्या बोलीत म्हणू लागलो, तशी नागपूरहून आलेली दोघं-तिघं तोंडावर हात धरून हसू लागली. सर मात्र माझ्या हाताकडे बघत मान डोलवत होते. तास संपल्यावर म्हणाले, उद्याही तूच.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत हेच चाललं. हसून हसून मुलांनाही कंटाळा आला. अर्थ मला निम्मासुद्धा कळत नसे, पण डेपोवर हातोडा मारताना ओळी आपोआप हातात यायच्या. मग चुकीच्या जागी खूण पडली की मामा ओरडायचा.

सुट्टीनंतर कोयनेल बंद झालं होतं, सरांचे कान मोकळे झाले होते. मी नेहमीसारखा उभा राहिलो, एक श्लोक म्हटला, आणि त्यांनी हात वर केला.

"इतके दिवस असंच म्हणत होतास?"

"हो जी. आमच्याकडं असंच बोलतेत."

ते खुर्चीत बसले. तापानं गाल बसलेले, सदरा अंगावर ढगळ झालेला. मला वाटलं, आता बाहेर काढतात.

"र म्हण की ळ म्हण, लघु तो लघुच," ते म्हणाले. "वृत्त कुठंही मोडलेलं नाही तुझं. पुढचा श्लोक घे."

तरी 'ळ' शिकवायला त्यांनी मला तासानंतर थांबवून घ्यायला सुरुवात केली. ते म्हणायचे, मी मागून म्हणायचो. दोघंही इतके थकलेले असायचो की मध्येच गप्प बसून राहायचो. थंडीत ताप पुन्हा उलटला, तेव्हा मात्र डॉक्टरांनी त्यांना घरी जायला सांगितलं.

त्यांची ट्रंक मी आणि मामानं स्टेशनावर नेली. वर्ध्याकडची गाडी उशिरा होती. सर बाकावर शाल पांघरून बसले आणि बसल्या बसल्याच झोपले. निरोपाचं काहीतरी बोलावं असं माझ्या मनात होतं, पण त्यांना उठवायचा धीर होईना. गाडी आल्यावर मामानं त्यांना हाताला धरून डब्यात बसवलं.

त्या वर्षी मराठीला दुसरं कुणी आलं नाही. राहिलेल्या कविता आम्ही आपापल्या वाचल्या, कळल्या तेवढ्या. मी पास झालो. पुढच्या वर्षी विषय विचारले तेव्हा मी अर्थशास्त्र सांगितलं. ते शिकवायला माणूस होता.