घसरगुंडीखालची लादी

हे मी पास्कललाही, म्हणजे माझ्या नवऱ्यालाही, सांगितलेलं नाही. चर्चमध्ये कन्फेशनला बसते तेव्हा जाळीपलीकडून फादर विचारतात, आणखी काही? राग केला, जावेबद्दल वाईट बोलले, रविवारची मिस्सा चुकवली — सगळं सांगून झालेलं असतं. मी म्हणते, नाही. दर वेळी नाहीच म्हणते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा मला आता ते एकदा मोठ्याने ऐकायचं आहे.

वाळूपासून सुरू करते. मुद्द्यावर यायला मला वेळ लागेल — सांभाळून घ्या.

पापडी गावात आमच्या घरामागे वाडीचा एक तुकडा होता, विहीर आणि चार-पाच नारळ. नव्वद सालानंतर आजूबाजूला इमारती उठल्या, मुंबईला नोकरी करणारी जोडपी राहायला आली, आणि मी घरातच पाळणाघर काढलं. पास्कलने सातिवलीच्या एका कारखान्यातून लोखंडी घसरगुंडी करून आणली. तिची शिडी माझ्या खांद्याएवढी होती. खाली काय घालायचं, यावर आम्ही बरेच दिवस घोळ घातला. नुसती माती उन्हाळ्यात खणखणीत व्हायची. गवत लावलं, ते मुलांच्या पायांखाली महिन्यात गेलं. नारळाच्या सोडणांचा, म्हणजे वरच्या सालांचा, भुसा घातला — छान मऊ होता, पण पावसात कुजला आणि त्यात गोमी निघाल्या. शेवटी खड्डा खणून वाळू भरली, चाळणीने शिंपले काढून. मग मी स्वतः वर चढले आणि उडी मारली. चाळिशीची बाई, अंगात गाऊन. पास्कल हसायला लागला.

"हसू नको," मी म्हटलं. "मला लागलं नाही म्हणजे पोरांना लागणार नाही."

बघा, मला कळत होतं. हे तुम्ही लक्षात ठेवा. मला कळत नव्हतं असं मी पुढे कुठेही म्हणणार नाही.

वाळू एकदा घालून भागत नाही. मुलं नाचून ती दाबतात, घसरगुंडीच्या तोंडाशी खड्डा पडतो, पावसानंतर ती घट्ट बसते. दाताळ्याने रोज वरखाली करावी लागते, खडे वेचावे लागतात, कमी झाली की भर घालावी लागते. हात मनगटाच्या वर रुतला पाहिजे, तर ती वाळू. हे सगळं पास्कल करायचा. मग तो कुवेतला कामाला गेला आणि दाताळं माझ्या हाती आलं. तशात मांजरं वाळूत घाण करायला लागली. मुलांच्या मोज्यांतून, केसांतून वाळू घरी जायची, आणि आया कुरकुरायच्या. स्टेशनकडे एक नवीन पाळणाघर निघालं होतं, सगळं चकचकीत. दोन मुलं तिकडे गेली.

मी घाबरले. त्या वाळूवर शहाबादी लाद्या बसवून घेतल्या. आणि लाद्या दिसू नयेत म्हणून वर हिरवं जाजम अंथरलं, मंडपात घालतात तसलं. लांबून अगदी हिरवळ वाटायची. एक आई म्हणाली, "आंटी, किती छान आणि सॉफ्ट केलंत." मी हसले. त्या जाजमाखाली काय होतं, ते मी तिला का सांगितलं नाही? आणि या वेळी मी वर चढून उडी का मारली नाही?

तेव्हापासून दुपारी मागे मुलं खेळायला लागली की मी हातातलं काम टाकून तिकडे जायचे. मी शिडीपाशी उभी राहायचे, हात पुढे करून. सारखी ओरडायचे — हळू, धर, सावकाश. मुलांना वाटायचं, मावशी चिडकी झाली. जाजम उचलून लाद्या काढणं एका दिवसाचं काम होतं. मी ते उद्यावर टाकत राहिले.

ओंकार चार वर्षांचा होता. त्याची आई अंधेरीला बँकेत होती. शांत मुलगा, डबा पूर्ण संपवणारा. त्या दिवशी मी शिडीपासून चार पावलांवर होते, दोरीवरचे नॅपकिन काढत. तो वरच्या पायरीवर होता. मी त्याच्याकडेच बघत होते. त्याचा पाय सटकला आणि तो खाली आला. आवाज झाला — तो कसा होता ते मला सांगता येणार नाही. तो आधी रडलाच नाही. हात कोपरापाशी नको तिथे वळला होता.

बाकीची मुलं शेजारी राहणाऱ्या जावेकडे सोडली आणि त्याला मांडीवर घेऊन रिक्षात बसले. इथपर्यंत अपघात होता, असं कुणी म्हणेल. मीही म्हटलं असतं.

रिक्षात त्याने रडत रडत विचारलं, "मावशी, आई रागावेल?" आणि मी म्हटलं, "उडी मारलीस ना तू?"

"नाही. पाय सटकला."

"नाही बाळा, उडी मारलीस. मी बघितलं ना."

मी पुन्हा म्हटलं. त्याच्या केसांवरून हात फिरवत, अगदी गोड आवाजात. दवाखाना येईपर्यंत म्हणत राहिले. हाड मोडलेलं चार वर्षांचं पोर, माझ्या छातीला टेकलेलं. शेवटी त्याने मान हलवली.

संध्याकाळी त्याची आई धावत आली तेव्हा तिने काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, "आई, मी उडी मारली." तिने त्याला जवळ घेतलं, मग रागावली, मग रडली. आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आंटी, माफ करा. याच्यामुळे तुम्हाला केवढा त्रास झाला."

मी म्हटलं, "असू दे. मुलंच ती."

त्याच आठवड्यात मी लाद्या काढल्या. पालकांना सांगितलं, खाली पाणी मुरतंय. पुन्हा वाळू भरली, आणि पाळणाघर बंद करेपर्यंत रोज सकाळी स्वतः दाताळं फिरवलं. पुढे एक बालवाडीवाल्या बाई ती बघायला आल्या. किती खोल घालायची, मांजरांसाठी ताडपत्रीने कशी झाकायची, पावसानंतर कशी मोकळी करायची, मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं, "पहिल्यापासून वाळूच आहे का?" मी हो म्हटलं.

ओंकार प्लास्टर घेऊन परत आला. त्याची आई सगळ्यांना सांगायची, हा फार उड्या मारतो, लक्ष ठेवा. तो मागच्या पायरीवर बसून राहायचा. प्लास्टर निघाल्यावरही घसरगुंडीकडे गेला नाही. हात थोडा वाकडाच राहिला.

बारावी पास झाल्यावर आईबरोबर पेढे घेऊन आला. उंच झाला होता. तोवर पास्कलही कायमचा परत आला होता. आम्ही चौघं ओट्यावर बसलो. आई म्हणाली, "लहानपणी काय द्वाड होता हा." ओंकार हसला आणि पास्कलला सांगायला लागला, "अंकल, मला अजून आठवतं. वरून ती आंब्याची फांदी दिसायची. तिला हात लावायचा म्हणून मी उडी मारली."

आमच्या मागच्या अंगणात आंबा कधीच नव्हता.

पास्कलने माझ्याकडे बघितलं. ओंकारने विचारलं, "मावशी, तुम्हाला आठवतं ना?"

मी म्हटलं, "हो, आठवतं."

त्याने उडी मारली नव्हती. ती मी त्याला मारायला लावली, रिक्षात, नंतर.