बकारामच्या नावाची जाळरेषा

बकाराम आगीत मेला तेव्हा त्याच्या बायकोनं, रुख्मानं, त्याला कमरेच्या चांदीच्या करदोड्यावरून ओळखलं. बाकी ओळखण्यासारखं काही राहिलं नव्हतं. वनखात्यानं उन्हाळ्यापुरता रोजीवर घेतलेला माणूस तो. आग दिसली की पळसाची हिरवी डहाळी तोडायची आणि झोडपून झोडपून ती विझवायची, एवढंच त्याचं काम. त्या दुपारी वारा फिरला आणि तो घळीत अडकला.

चोरखमाऱ्याच्या तलावापलीकडे, जंगलाला लागून त्यांचं गाव. ठेक्यानं केलेली धानाची थोडी जमीन आणि चैत्रात मोहफुलं, यावर दोघांचं चालायचं. आता ती एकटी राहिली.

पुढल्या वर्षी वनखात्याचे साहेब ग्रामसभेत आले. आग एका बाजूची दुसऱ्या बाजूला जाऊ नये म्हणून जंगलात मोकळा पट्टा राखतात, त्याला जाळरेषा म्हणतात. इथली रेषा जुनी, जेमतेम बैलगाडी जाईल एवढी. ती आता खूप रुंद करायची आणि मधली सगळी उभी झाडं तोडायची, असं साहेबांनी सांगितलं. मोह, तेंदू, चारोळी, काहीच राहणार नव्हतं. बकारामसारखा दुसरा जीव जाऊ नये म्हणूनच हे करतोय, ते म्हणाले, आणि रेषेला बकारामचं नाव देणार असल्याचं त्यांनी जाहीर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

रुख्मा बायकांत मागे बसली होती. सभेत ती कधी बोलत नसे. त्या दिवशी उठली.

"साहेब, माझा माणूस मोहाच्या झाडानं नाही मेला. तुमी त्याले डहाळी देऊन आगीत धाडलं. पायात बूट नाही, संगं पाणी नाही. ते तं अजून कोणालेच दिलं नाही. मंग झाडं काऊन तोडता?"

साहेब म्हणाले, तुमचं दुःख मी समजू शकतो. आणि पुढचा विषय घेतला.

तोड सुरू झाली तशा बायका जंगलात गेल्या. पहिली बसली सावित्रीबाई. म्हातारी, गुडघ्यांनी अधू, कानानं बहिरी. पडलेल्या खोडावर ती जाऊन बसली आणि उठेना. मग रुख्मा बसली, तिची शेजारीण रीता बसली, मग बाकीच्या. खोडांवर बायका, त्यामुळे ट्रक भरता येईना. सकाळी भाकरी बांधून यायच्या, दिवस कलला की उठायच्या. पोलीस येऊन दमदाटी करून गेले. शेवटी कंत्राटदारानं कंटाळून आपली माणसं दुसरीकडे हलवली. त्या होळीला बायकांनी रुख्माला गुलालानं माखलं. ती विधवा आहे हे कोणाच्या ध्यानात राहिलं नाही, तिच्याही नाही.

पण तोडलेली झाडं तिथंच पडून राहिली, आणि त्यांच्या फांद्या-पाल्याचे ढीग उन्हात वाळू लागले. रुख्मा वनखात्याच्या गार्डकडे गेली. हे उचला, नाही तर आम्हाला सरपणाला नेऊ द्या, असं तिनं विनवलं. गार्ड म्हणाला, ट्रक अडवताना मला विचारलं होतं का? एक काडी उचलली तरी केस करीन.

मोहफुलं पडायला लागली आणि एके दिवशी सकाळीच त्या ढिगांनी पेट घेतला. आग उतारानं खाली आली. मोहाखाली फुलं वेचणाऱ्या बायका टोपल्या टाकून पळाल्या. सावित्रीबाईला पळता आलं नाही. रुख्मा परत फिरली, आपल्या लुगड्यानं तिच्या अंगावरची आग विझवली आणि तिला पाठीवर घेऊन गावात आली. म्हातारीची कातडी तिच्या दंडाला चिकटून आली होती.

गोंदियाच्या दवाखान्यात सावित्रीबाईचा मुलगा इंद्रकुमार औषधं आणायला खाली गेला, तेव्हा म्हातारीनं रुख्माला जवळ बोलावलं.

"वरच्या मोहाखालचा पाला म्याच पेटवला व माय. पाल्यात फुलं दिसत नव्हती. दरसाल तं आपसूक विझते."

दुसऱ्या दिवशी ती गेली.

रुख्मानं हे कोणाला सांगितलं नाही. मेलेल्या बाईचं नाव का काढायचं? शिवाय मोह वेचणारीनंच आग लावली असं एकदा झालं, की कोणत्याच बाईला जंगलात पाय ठेवू देणार नाहीत, हे तिला दिसत होतं. आपण गप्प राहिलो तर सगळ्याजणी वाचतील, असं तिला वाटलं.

खात्याला मात्र एक नाव हवंच होतं. गार्डनं रुख्माचं दिलं. तिला काडी लावताना पाहिलं, अशी साक्ष इंद्रकुमारनं दिली. गावातले पुरुष म्हणू लागले की हिनं रेषा होऊ दिली असती तर आग खाली आलीच नसती. रीतानं तर हातपंपावर चारचौघींत तिला सुनावलं, "तू आमाले नादी लावलं नसतं तं मावशी आज जित्ती राहिली असती."

रुख्माला अटक झाली. जामीन मिळाला, पण जंगलात जायचं नाही या अटीवर. त्या पावसाळ्यात धानाच्या रोवणीच्या एकाही टोळीनं तिला बोलावलं नाही.

तिरोड्याला कोर्टाच्या व्हरांड्यात इंद्रकुमार एकटा सापडला, तेव्हा ती त्याच्यापाशी गेली. इतके दिवस आवळून धरलेलं तिनं बोलून टाकलं. "भाऊ, आग तुझ्या मायनं लावली. मरताना मले सांगून गेली."

तो दचकला नाही. इकडेतिकडे कोणी नाही हे त्यानं आधी पाहिलं.

"मले बी सांगतलं होतं."

"मंग माझं नाव कायले घेतलं?"

"मायचं नाव आलं तं मले काही भेटत नाही. खात्यात नोकरी देतो म्हणून राहिले. वयनी, तू एकटी आहेस. मले लेकरं आहेत."

मग त्यानं तिला चहा पाजला. तिनं तो प्यायला.

दिवाळीनंतर तोड पुन्हा सुरू झाली. या वेळी अडवायला कोणी नव्हतं. पट्टा सरकत सरकत गावामागच्या मोहांपर्यंत आला आणि रीता ज्या झाडांची फुलं वेचायची त्यांच्या बुंध्यांवर तोडीच्या खुणेचे पांढरे पट्टे पडले. तेव्हा रीता रुख्माच्या दारात आली आणि रडली. सगळ्याजणी तयार आहेत, फक्त तू पुढं हो, म्हणाली. रुख्मानं जामिनाची अट सांगितली. रीता गेली नाही, उंबऱ्यापाशी बसून राहिली. शेवटी रुख्मानं तिला एवढंच विचारलं, "तू येशीन ना?" रीता हो म्हणाली.

सकाळी रुख्मा जाऊन मोहाच्या बुंध्याशी बसली. ऊन वर आलं तरी कोणी आलं नाही. मग बायका आल्या, हातात कुऱ्हाडी आणि दोर घेऊन. आदल्या संध्याकाळी साहेबांनी त्यांना फांद्या छाटायचं काम लावून दिलं होतं, वर सरपण फुकट. रीता त्यांच्यातच होती. तिनं पदर पुढं ओढला आणि पलीकडच्या झाडाकडे वळली.

खाकी घातलेल्या इंद्रकुमारनं फोन केला. महिला पोलिसांनी रुख्माला दंडांना धरून उचललं.  गाडीत बसवेपर्यंत तिच्या मागे करवत चालू झाली होती. जामीन रद्द झाला आणि तिला जेलात धाडलं.

सुटून आली तेव्हा ठेक्याची जमीन मालकानं दुसऱ्याला दिली होती. आता ती गोंदियाजवळ कुडव्याला एका खानावळीत भांडी घासते. केस संपलेली नाही. तारखेला ती तिरोड्याला जाते. साक्षीदार म्हणून इंद्रकुमारही येतो. व्हरांड्यात एकच बाक आहे, दोघं त्यावरच बसतात, नाव पुकारेपर्यंत.